एक थेंबही सोडू नका म्हणणाऱ्यांना

मार्च सरत आला की शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्याच्या खाली कृष्णा आटत जाते. मग बेंगळुरूहून मुंबईला पत्र जातं: कोयनेतून किंवा वारणेतून दोन-तीन टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडा, खाली लोकांना प्यायला पाणी उरलेलं नाही. 2023 च्या उन्हाळ्यात सिद्धरामय्यांनी एकनाथ शिंदेंना असंच पत्र लिहिलं होतं. त्यांच्या आधीच्यांनीही लिहिली आहेत. आणि दर उन्हाळ्यात आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. यंदा तो पुण्यातल्या माझ्या आतेभावाने पेटवला. त्याने लिहिलं, "आधी बेळगाव द्या, मग पाणी मागा. तोवर एक थेंबही सोडू नका." खाली टाळ्या आणि भगवे झेंडे.

मी एवढंच लिहिलं की ते पाणी आपल्याच माणसांच्या घरात येतं. त्यावर उत्तर आलं, "तू मिल्ड्युरात बसून आम्हाला शिकवू नकोस."

मिल्ड्युरा म्हणजे ऑस्ट्रेलियातलं मरे नदीकाठचं गाव, तिथे माझा द्राक्षांचा मळा आहे. हे वाक्य मला लागलं. म्हणून ग्रुपवर मावणार नाही एवढं इथे लिहितो आहे.

आधी ते पाणी जातं कुठे, हे नकाशावर बोट ठेवून बघावं. बेंगळुरू कावेरीचं पाणी पितं. कृष्णेच्या या पाण्याशी त्या शहराचा काही संबंध नाही. राजापूरच्या खाली सोडलेलं पाणी आधी चिक्कोडी तालुक्यात येतं: कल्लोळ, येडूर, मांजरी, अंकली. मग उगार, कुडची, आणि पुढे अथणीच्या कोरड्या माळापर्यंत. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत मराठी बोलतात आणि जिथे कन्नड बोलतात तिथेही बाजारात मराठी चालते. महाराष्ट्र सरकारने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा जो दावा लावला, त्यातली कित्येक गावं कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठची आहेत. ही गावं आमची, असं ज्या राज्याने कोर्टात शपथेवर सांगितलं, त्याच राज्यातल्या लोकांनी त्याच गावांना एक थेंब देऊ नका म्हणायचं? कोथरूडमध्ये नळ सोडला की पाणी येतं. तिथून हे म्हणणं सोपं आहे.

आमचं गाव सदलग्याच्या अंगाला, दूधगंगेच्या काठी. नदीच्या पलीकडचा काठ दत्तवाडचा, म्हणजे शिरोळ तालुका, महाराष्ट्र. दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण राधानगरी तालुक्यात आहे आणि दोन्ही राज्यांच्या सामाईक प्रकल्पातून ते उभं राहिलं. सुमारे 25 टीएमसीच्या त्या धरणात कर्नाटकाचा वाटा 4 टीएमसीचा. त्या चारातल्या पाण्यावर माझ्या वडिलांनी ऊस केला, आम्हा भावंडांची शिक्षणं केली आणि माझं विमानाचं पहिलं तिकीट काढलं. धरणाच्या भिंतीत महाराष्ट्राचा पैसा आहे तसा कर्नाटकाचाही आहे. आतेभावाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. लहानपणी तो मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडेच यायचा आणि दिवस-दिवस त्याच नदीत पोहायचा.

यंदा फेब्रुवारीअखेर पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. फेब्रुवारी म्हणजे मिल्ड्युरात द्राक्षांच्या काढणीचे दिवस, सुट्टी मिळणं अवघड. पण दादाची एकुलती एक मुलगी. लग्न उरकल्यावर सकाळी दादाबरोबर बंधाऱ्यावर गेलो. कोल्हापूर पद्धतीचा जुना बंधारा. दगडी खांबांच्या खाचांमध्ये बरगे एकावर एक बसवलेले, अशा दोन ओळी आणि दोहोंच्या मध्ये माती ठासलेली. एका गाळ्यातून पाणी झिरपत होतं. दोघेजण कमरेएवढ्या पाण्यात उतरून फटीत पोत्याचे तुकडे आणि उसाचा पाला कोंबत होते, तिसरा वरून मातीची पाटी ओतत होता. पाटीवाला दत्तवाडकडचा, पाण्यातले दोघे आमच्या गावचे. त्यातल्या एकाने मला ओळखलं. "पाणी बघायला आलास व्हय? बघून घे आत्ताच. मे निम्मा झाला की खेकडंच दिसत्यात."

मी विचारलं, यंदा कुठवर पुरेल?

"वरनं सोडलं तर जूनपर्यंत. न्हाई तर खोडवा वाळला म्हणायचा."

त्याचं "वरनं" म्हणजे काळम्मावाडीहून. तिथला दरवाजा उघडला की पाणी वाटेतल्या बंधाऱ्यांना भरत भरत इथे पोचायला काही दिवस लागतात, आणि वाटेत काठावरच्या मोटारी चालूच असतात. म्हणून पाणी सुटल्याची बातमी आली की काठावरच्या गावांतली माणसं रात्री नदीवर चक्कर मारतात. रात्री थ्री फेज लाइट असेल तर तेव्हाच दारं धरायला जायचं. दादा साठीला आला, तरी हिवाळ्यात पहाटे दोनला बॅटरी घेऊन बाहेर पडतो. वहिनी म्हणाल्या, "ह्यांना सांगा की वो भाऊजी, आता गडी लावा म्हणून." मी सांगितलं. दादाने ऐकून घेतलं आणि त्या रात्रीही गेला.

आता मरे नदीबद्दल. माझा आतेभाऊ म्हणतो की मी उगाच तिची टिमकी वाजवतो. वाजवतो, कारण तिच्या पाण्यावर माझं घर चालतं आणि तिथली व्यवस्था मी रोज हाताळतो. मिल्ड्युरात वर्षाला तीनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. अथणीत त्याच्या जवळपास दुप्पट पडतो. तरी आमच्या ब्लॉकवर, म्हणजे मळ्यावर, कुठल्या महिन्यात किती पाणी मिळेल हे मला आधी कळतं. पाण्याचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, दर पंधरवड्याला वाटपाची टक्केवारी जाहीर होते. ती मी स्मोकोच्या (चहाच्या सुट्टीच्या) वेळी फोनवर बघतो आणि त्यावर पुढच्या पाळ्या ठरवतो. नदीचं पात्र न्यू साउथ वेल्सचं, अलीकडचा काठ व्हिक्टोरियाचा आणि नदीच्या टोकाला साउथ ऑस्ट्रेलिया. तीन राज्यं आणि केंद्र सरकार यांचा करार 1915 पासून चालू आहे. टोकाच्या राज्याला वर्षाला 1,850 गिगालिटर, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण 65 टीएमसी, महिन्याच्या हप्त्यांनी ठरवून दिलेलं आहे. दुष्काळाच्या वर्षी ते कमी होतं, त्याचेही नियम लिहिलेले आहेत. ॲडलेडच्या, म्हणजे त्या टोकाच्या राज्याच्या, मुख्यमंत्र्याला दर उन्हाळ्यात हात जोडून पत्र लिहावं लागत नाही.

आपल्याकडे बच्छावत लवादाने 1976 पर्यंत कृष्णेचं पाणी वाटलं: महाराष्ट्राला 560 टीएमसी, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. वर्षभरात कोणी किती वापरायचं ते ठरलं. एप्रिल-मे महिन्यांत सीमेवरून पात्रात किती पाणी वाहतं ठेवायचं, ते मात्र त्यात बसलं नाही. त्या रिकाम्या जागेत दर उन्हाळ्यात पत्रं, बैठका आणि आमच्या ग्रुपवरच्या शिव्या येऊन पडतात.

मरेवरचं ह्यूम धरण आणि कोयना धरण साधारण सारखीच, दोन्हींत शंभर टीएमसीच्या वर पाणी मावतं. ह्यूमचं पाणी आमच्या मळ्यांवर येतं. कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसी लवादाच्या परवानगीने पश्चिमेला वळवलं जातं, विजेसाठी, आणि कोकणात उतरून समुद्राला मिळतं. ती वीज महाराष्ट्राला हवीच आहे, माझा त्याला आक्षेप नाही. पण साडेसदुसष्ट टीएमसी घाटाखाली उतरत असताना दोन-तीन टीएमसीसाठी "एक थेंबही नाही" म्हणणं मला पटत नाही. आणि ऑगस्टात? 2019 च्या ऑगस्टात कोयना, वारणा, राधानगरी, काळम्मावाडी भरून वाहिली तेव्हा लाखो क्युसेक पाणी आमच्या अंगावर आलं. दादाच्या उंबऱ्याला पाणी लागलं, गोठ्यातली जनावरं आठवडाभर शाळेच्या मैदानावर बांधली होती. 2005 ला तेच झालं, 2021 ला पुन्हा. तेव्हा सांगलीने अलमट्टीला दोष दिला, विजयपूरने कोयनेला. आमची गावं दोन्हींच्या मध्ये. पुराचं पाणी खाली सोडताना "आधी बेळगाव द्या" असं कोणीही म्हटल्याचं मला आठवत नाही.

मराठी विरुद्ध कन्नड असा हा झगडा असता, तर मराठी मुलखात तरी पाण्यावरून भांडणं नसती. दानोळीच्या लोकांनी इचलकरंजीला वारणेचं पाणी नेऊ दिलं नाही. मग सुळकूडहून दूधगंगेचं पाणी न्यायचं ठरलं, तेव्हा कागलपासून आमच्या गावांपर्यंत सगळा काठ विरोधात उभा राहिला; दादाही मोर्चाला होता. इचलकरंजीत पंचगंगेचं पाणी कसं आहे ते तिथे राहणाऱ्यांना माहीत आहे, आणि आमच्या नातलगांतली निम्मी तिथल्या मागांवर पोट भरतात. सगळे मराठी, सगळ्यांना आपापलं पाणी हवं. सांगली जिल्ह्यातल्या जतचंही तसंच. 2022 च्या अखेरीस कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला तेव्हा महाराष्ट्र खवळला, आणि ते योग्यच होतं. पण त्या गावांनी त्याच्या दहा वर्षं आधीच कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. कशासाठी? पाण्यासाठी. महाराष्ट्राच्या म्हैसाळ योजनेची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली, आणि पुढे कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी त्यांना पलीकडच्या शिवारात दिसू लागलं.

उन्हाळ्यात महाराष्ट्राने कृष्णेत पाणी सोडायचं आणि त्याच्या बदल्यात कर्नाटकाने जतकडच्या गावांना पाणी द्यायचं, ही बोलणी गेली काही वर्षं होतात आणि थांबतात. आतेभावाच्या आवडत्या वाक्याने ती पुढे जाणार नाहीत.

पुतणी दिली ती अथणीच्या पूर्वेला, ऐगळीच्या बाजूला. व्याह्यांकडे घरात मराठी, शेतातल्या माणसांशी कन्नड, आणि देवघरात यल्लम्मा व जोतिबा शेजारी-शेजारी. पाठवणीनंतर आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि मी सरळ बेदाण्याच्या शेडमध्ये शिरलो. उघड्या बाजूंचा उंच शेड, आत जाळ्यांचे थरावर थर. एका बाईने द्राक्षांचं क्रेट हौदात बुडवलं. त्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल. हा वास मला कुठेही ओळखू येईल. मिल्ड्युरात हेच मिश्रण आम्ही वेलीवर फवारतो: काड्या आधी कापायच्या, घड वेलीवरच सुकू द्यायचे, मग मशीन फिरवायचं. द्राक्षही तेच, तिथे त्याला सुल्ताना म्हणतात आणि इथे थॉमसन. व्याही माझ्यामागे उभे होते. मी जाळीवरचे चार मणी दाबून बघितले आणि म्हटलं, अजून दोन दिवस. ते म्हणाले, "आम्ही पण दोनच म्हणत होतो." त्यानंतर ते मला पाहुणा समजेनासे झाले आणि मनातलं बोलू लागले.

त्यांनी कृष्णेवरून कितीतरी किलोमीटर पाइपलाइन ओढली आहे, शेजाऱ्यांबरोबर भागीत. बोअर आटलेले. नदीच कोरडी पडली की पाइपलाइनला काय ओढायला मिळणार? अशा उन्हाळ्यात त्यांनी टँकर लावून बाग जगवली आहे. छाटणी झालेली असते, काडी तयार व्हायची असते. एप्रिलमध्ये वेल तहानला तर पुढच्या हंगामाचा घड त्याच वेळी मरतो. आणि हा माल जातो कुठे? तासगावच्या सौद्याला. तिथल्या अडत्याकडे, तिथल्या शीतगृहात. म्हणजे "एक थेंबही सोडू नका" हे खरं झालं तर ऐगळीची बाग वाळेल आणि तासगावच्या हमालाची मजुरीही बुडेल.

दुसऱ्या दिवशी नव्या जोडप्याला घेऊन सौंदत्तीला निघालो. आमच्याकडे लग्नानंतर यल्लम्माच्या डोंगरावर जाण्याची रीत आहे, आणि कोल्हापूरकडची माणसंही मार्गशीर्ष पौर्णिमेला तिथे लोटतात. वाटेत घटप्रभा लागते. गोकाकचा धबधबा फेब्रुवारीत बारीक झालेला असतो, पण काठावरच्या जुन्या गिरणीकडे बघत मी थोडा वेळ थांबलो. 1887 साली या पाण्याच्या जोरावर इथे सूत कातायला सुरुवात झाली. त्याच वर्षी चॅफी बंधूंनी मिल्ड्युरा वसवलं. कॅनडात जन्मलेले, कॅलिफोर्नियात पाटबंधारे बांधून आलेले दोघे भाऊ. त्यांनी मरेवर वाफेचे पंप बसवले आणि लाल मातीत द्राक्षं लावली. घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा 1897 चा, हिडकलचं धरण त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे सुरुवात दोन्हीकडे एकाच सुमाराला झाली. पुढे मिल्ड्युराची माणसं पाणी मोजायला शिकली. आम्ही पाटाला भोक पाडायला शिकलो, आणि उसाला इतकं पाणी पाजलं की नदीकाठच्या चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. शिरोळमध्ये बघा, आमच्या गावातही चार मळे पांढरे पडलेत. दादाला ठिबक कर म्हणून मी किती वर्षं सांगतो आहे. तो म्हणतो, "तुझ्याकडं पाणी इकत मिळतंय म्हणून तू मोजतोयस." 2019 च्या दुष्काळात आमच्याकडे एका मेगालिटरचा भाव सातशे डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा रात्री झोप लागत नव्हती. ते दादाला मी सांगितलेलं नाही.

गोकाक सोडलं की यरगट्टीकडे मोकळी काळी रानं लागतात. शाळू कापून पडलेला, हरभरा निघालेला, झाड क्वचित. मग मलप्रभेचं पाणी आलं की तेवढा पट्टा हिरवा. नविलुतीर्थाच्या खिंडीत बांधलेलं ते धरण भरतं तेव्हा सौंदत्ती, नरगुंद, नवलगुंद पिकतात, आणि ते दरवर्षी भरत नाही. मलप्रभा उगम पावते कणकुंबीला, खानापूर तालुक्यात, मराठी मुलखात. तिथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस. तिथलीच म्हादई गोव्याकडे जाते, तिचं 3.9 टीएमसी पाणी मलप्रभेत वळवायला लवादाने 2018 साली कर्नाटकाला मुभा दिली आणि गोव्याने त्याविरुद्ध दंड थोपटले. सौंदत्तीच्या शेतकऱ्याला ते पाणी हवं आहे, त्याचं रान बघितल्यावर मला ते समजतं. पण आमगाव, गवाळी ही खानापूरची मराठी गावं पावसाळ्यात आजही जगापासून तुटतात, आणि ज्या रानातून हे पाणी न्यायचं त्या रानातल्या माणसांना बेंगळुरूने विचारलं नाही, पणजीने नाही, मुंबईनेही नाही. सीमाभागातल्या मराठी माणसासाठी लढायचं असेल तर ही गावं आहेत. इथे पाट्यांच्या अक्षरांपेक्षा रस्त्याची आणि पुलाची निकड जास्त आहे.

पाट्यांचं मला काही नाही, असं कोणी समजू नये. माझे वडील दर 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लावून फेरीत जायचे. 17 जानेवारीला निपाणीत हुतात्म्यांना फुलं वाहायचे. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधातल्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली, तेव्हाची आमच्या घरातली रात्र मला आठवते. मराठीतून अर्ज नाकारला जातो, मराठी शाळेला मास्तर मिळत नाही, बसमध्ये भाषेवरून हमरीतुमरी होते, हे सगळं खरं आहे आणि चीड आणणारं आहे. कर्नाटक सरकारने सीमाभागातल्या मराठी माणसाला न्याय दिलेला नाही, हे मी कुठेही म्हणेन. पण या मुलखाच्या आठवणीत आणखीही काही आहे. 1980 च्या जुलैत मलप्रभेच्या लाभक्षेत्रात पाणीपट्टी आणि सुधारणा कराविरुद्ध शेतकरी उठले, नरगुंद-नवलगुंदला गोळ्या चालल्या. पुढच्याच वर्षी निपाणीला शरद जोशींच्या मागे तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी हमरस्त्यावर बसले, तिथेही गोळ्या चालल्या, शेतकरी मेले. त्या रस्त्यावर मराठी आणि कन्नड शेतकरी एकाच मांडवात भाकरी खात होते. माझा थोरला काका त्या मांडवात होता. आतेभावाचे वडीलही होते.

ग्रुपवर माझ्या भाचीने एक वेगळाच प्रश्न टाकला. ती बेळगावात कॉलेजला आहे, वाचते. तिने विचारलं, मामा, तुमच्या मरे नदीवर आधीपासून राहणाऱ्या मूळच्या आदिवासी लोकांच्या वाट्याला किती पाणी आहे? अगदी थोडं आहे, नावापुरतं. आणि मरेला मिळणाऱ्या डार्लिंग नदीवर मेनिंडीला लाखो मासे मरून वर आले, तेही खरं आहे. मोठ्या कंपन्यांचे बदामाचे मळे पाणी विकत घेऊन लहान ब्लॉकवाल्यांना उठवतात, तेही खरं आहे. मी तिला लिहिलं की तो प्रश्न निराळा आहे, आपण दोन राज्यांच्या वाटपाबद्दल बोलतोय. तिने पुढे काही लिहिलं नाही. मला अजून वाटतं की माझा मुद्दा त्याने कमजोर होत नाही: एका नदीवर दोन राज्यं असतील तर उन्हाळ्यातलं पाणी लिहून ठरवता येतं, आणि ते ठरलं की काठावरचा माणूस पंधरवड्याचा हिशेब करू शकतो. जी माणसं शंभर वर्षांपूर्वी बसून हे ठरवू शकली त्यांच्यातही भांडणं होतीच.

आता आतेभावाच्या त्या वाक्याकडे येतो, तू मिल्ड्युरात बसून सांगू नकोस. माझं भारतीय नागरिकत्व गेलं त्याला बरीच वर्षं झाली. मी बेळगावात मत देऊ शकत नाही आणि पुण्यातही नाही. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळणाऱ्या कार्डावर, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली तेवढी राहते. वडील गेल्यावर नदीकाठचा मळा दादाच्या आणि माझ्या नावावर लागला. उताऱ्यावर माझं नाव कन्नडमध्ये आहे आणि मला ते अडखळत वाचता येतं. मिल्ड्युरात माझं घर आहे, माझी मुलं तिथे फुटी (तिथला फुटबॉल) खेळतात, तिथल्या दफनभूमीत माझी आई आहे. शेवटच्या आजारात ती माझ्याकडे होती. तिला गावी न्यायचं राहिलं. तिथले शेजारी चांगले आहेत. पण मरेला पूर येतो तेव्हा मी पंप वर काढतो आणि विम्याचे कागद बघतो. दूधगंगेला पूर येतो तेव्हा मला जेवण जात नाही. याला मी काही करू शकत नाही. आतेभाऊ पुण्यात जन्मभर राहील आणि त्याला सीमाभागावर बोलायचा हक्क राहील, आणि मला नाही, हे कोणी ठरवलं? पुण्याहून सदलगा काही तासांच्या अंतरावर आहे. तो यंदा लग्नालाही आला नाही.

गावात उपसा सिंचनाची एक सोसायटी आहे. नदीवरून सामाईक मोटार, पाइपलाइन आणि मळ्यांना पाळी. वडिलांचं सभासदत्व माझ्या नावावर आलं, कारण दादाचं आधीपासून होतं. दरवर्षी वार्षिक सभेची नोटीस दादा फोटो काढून पाठवतो. यंदा मोटार जळली, नवी घ्यायला वर्गणी लागली, ती मी पाठवली. लग्नानंतर मी निघायच्या आदल्या रात्री दादाने विषय काढला. तो म्हणाला, तुझं सभासदत्व माझ्या पोराच्या नावावर कर, तू इथं नसतोस, सभेला कोरम भरत नाही, सही लागली की अडतं. बोलणं रास्त होतं. पोरगा शेती करणार आहे, आणि सरत्या मे महिन्यात पाळीवरून भांडायला तोच उभा राहणार आहे.

मी नाही म्हटलं. दादाने कारण विचारलं, मला नीट सांगता आलं नाही. तो रागावून उठला आणि दारं धरायला गेला. आल्यापासून दोनदा फोन झाला, त्या विषयावर तो बोलत नाही, मीही काढत नाही. पुढच्या वार्षिक सभेला पोराने माझ्या वतीने बसावं असं मुखत्यारपत्र करून पाठवणार आहे. सभासद मात्र मीच राहणार.